झाड तोडायचं, पण विचारायचं कुणाला? येलहंकाची गोष्ट

येलहंका हे नाव मराठी माणसाच्या कानावर पडतं ते बहुतेक वेळा विमानांमुळे. दर दोन वर्षांनी इथल्या हवाई दलाच्या तळावर 'एअरो इंडिया' भरतं आणि टीव्हीवर धूर सोडत जाणारी विमानं दिसतात. बेंगळुरूत नोकरीला आलेल्यांना येलहंका माहीत असतं ते विमानतळाच्या वाटेवरचं उपनगर म्हणून. मी याच उपनगरात राहतो. आजचा विषय मात्र विमानांचा नाही, झाडांचा आहे. नेमकं सांगायचं तर झाडांच्या कायद्याचा.

इतिहासाच्या मालिकेत कायदा कशाला, असं कुणी म्हणेल. पण शहरातलं झाड वाचतं किंवा पडतं ते कुऱ्हाडीच्या आधी, एका कागदावर. त्या कागदाचा इतिहास बराच जुना आहे आणि त्यात मराठी माणसं वारंवार भेटतात.

आधी जागेची ओळख. बेंगळुरू वसवणारे केंपेगौडा हे येलहंका नाडाचे प्रभू. त्यांच्या घराण्याला आजही 'येलहंका नाडप्रभू' म्हणतात. १५३७ मध्ये त्यांनी बेंगळुरूचा कोट बांधला, तळी खोदली. पुढे शंभर वर्षांनी, १६३८ मध्ये, विजापूरचा सरदार रणदुल्लाखान आणि त्याच्याबरोबर शहाजीराजे इथे आले. केंपेगौडांच्या वंशजाला मागडीकडे सरकावं लागलं आणि बेंगळुरू शहाजीराजांची जहागीर झाली. लहानपणी शिवाजीराजे इथे येऊन गेले, पुढे व्यंकोजीराजांनी इथून कारभार केला. हे सगळं आपण जाणतोच.

या मुलखात प्रत्येक गावाला एक तळं असायचं आणि बहुधा त्याच्या जवळपास एक गुंडुतोपु. गुंडुतोपु म्हणजे गावाची सामाईक राई. आंबा, फणस, जांभूळ, चिंच. आपल्याकडच्या आमराईची ही कानडी बहीण, फरक इतकाच की ही एकट्या पाटलाची नसे, गावाची असे. बाजार भरायचा तो तिच्या सावलीत, जत्रेचे बैल बांधायचे ते तिथेच. त्या राईतलं झाड कुणी एकट्याने तोडायचं नाही, हा लेखी नसलेला नियम. आज बेंगळुरूच्या बऱ्याच गुंडुतोपुंच्या जागी शाळा, बस स्थानकं, सरकारी कचेऱ्या उभ्या आहेत. जमीन सामाईक होती, म्हणून ती सगळ्यात आधी गेली.

आता लेखी नियमाकडे येऊ. रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र तुम्हाला माहीत असेल. १७१५ च्या सुमारास कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या काळात ते लिहिलं गेलं. त्यातला झाडांबद्दलचा मजकूर दर पावसाळ्यात 'शिवाजी महाराजांचं पत्र' म्हणून मोबाइलवर फिरतो. ते महाराजांचं पत्र नाही. महाराजांचं राज्य जवळून पाहिलेल्या एका अमात्याने लिहून ठेवलेली राजनीती आहे, आणि माझ्या मते त्याने त्याचं मोल कमी होत नाही.

हा मजकूर येतो कुठे? आरमाराच्या प्रकरणात. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. अमात्य काही निसर्गप्रेमाचा निबंध लिहीत नव्हते. गलबतं बांधायची आहेत, तख्ते, सोट, डोलकाठ्या हव्या आहेत, आणि त्या आणायच्या कुठून हा राज्याच्या संरक्षणाचा प्रश्न होता. आजच्या भाषेत 'अत्यावश्यक सार्वजनिक प्रकल्प'. अमात्यांचं म्हणणं असं की राज्यातल्या अरण्यात साग वगैरे आहे, त्यातलं लागेल ते हुजुरांना लिहून, परवानगी घेऊन तोडावं. आणखी लागलं तर परमुलखातून विकत आणावं. आंबा आणि फणस हीही आरमाराच्या कामाची लाकडं, पण त्यांना हात लावू देऊ नये. कारण ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लावून लेकरांसारखी वाढवलेली असतात. ती तोडली तर त्यांच्या दुःखाला पार राहत नाही. एखादं झाड फारच जीर्ण होऊन कामातून गेलं असेल, तर धन्याला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषाने तोडावं. जबरदस्ती करू नये.

नीट पाहिलं तर इथे 'झाड तोडू नका' असं सरसकट म्हटलेलं नाही. कुणाला विचारायचं ते सांगितलं आहे. अरण्यातल्या सागासाठी हुजूर, दारातल्या आंब्यासाठी धनी. मागणारा आरमाराचा अधिकारी आणि देणारा दुसराच कुणीतरी. मागणारा आणि देणारा वेगळे असणं, ही त्या तीनशे वर्षांपूर्वीच्या नियमाची खरी ताकद. आजच्या कायद्याचं दुखणं इथेच आहे.

त्याच काळाच्या पुढेमागे म्हैसूरच्या बाजूला झाडाला संरक्षण मिळालं ते वेगळ्याच कारणाने. १७९२ मध्ये टिपू सुलतानाने चंदन हा राजवृक्ष ठरवला. म्हणजे झाड कुणाच्याही शेतात उगवो, मालक सरकार. पुढे म्हैसूर संस्थानाने आणि स्वतंत्र भारतातल्या सरकारनेही तेच चालू ठेवलं. परिणाम काय झाला? आपल्या बांधावर चंदनाचं रोप दिसलं की शेतकऱ्याच्या पोटात गोळा यायचा. झाड सरकारचं, पण चोरी झाली तर चौकशी आपली. मग रोप मोठं होण्याआधीच ते उपटून टाकलेलं बरं. चंदनाच्या देशात चंदन विरळ होण्याची इतरही कारणं होती, पण हे त्यातलं एक नक्की. शेवटी २००१ मध्ये कर्नाटकाने कायदा बदलून जमीनमालकाला चंदनाचा मालक केलं. कडक कायदा म्हणजे चांगला कायदा असं मानणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

शहरातली झाडं म्हणजे रस्त्याच्या कडेची झाडं, ही कल्पना त्या मानाने अलीकडची. आणि बेंगळुरूला ती मिळाली बडोद्यामार्गे! गुस्ताव हर्मन क्रुम्बिगल हा जर्मन उद्यानतज्ज्ञ लंडनच्या क्यू उद्यानातून सयाजीराव गायकवाडांच्या पदरी आला आणि बडोद्याच्या बागा त्याने सांभाळल्या. १९०८ मध्ये म्हैसूर संस्थानाने त्याला लालबागेत आणलं. बेंगळुरूच्या रस्त्यांवर एक फुलोरा संपतो न संपतो तोच दुसरा सुरू होतो, त्याचं श्रेय या माणसाकडे जातं. पुढे १९८० च्या दशकात नेगिनहाळ नावाच्या वन अधिकाऱ्याने या शहरात सुमारे १५ लाख झाडं लावली. आज आपण ज्यांच्या सावलीत गाडी लावायला जागा शोधतो, त्यातली पुष्कळशी त्यांची.

पण लावणाऱ्याचा कायदा नसतो. कायदा लागतो तो तोडणाऱ्यासाठी. तो आला आणीबाणीच्या काळात. १९७२ ची स्टॉकहोमची पर्यावरण परिषद होऊन गेली होती, १९७३ मध्ये चिपको सुरू झालं होतं, आणि दिल्लीचं सरकार पर्यावरणाची भाषा बोलायला लागलं होतं. महाराष्ट्राने १९७५ मध्ये नागरी क्षेत्रातल्या झाडांच्या संरक्षणाचा आणि जतनाचा अधिनियम केला. पाठोपाठ १९७६ मध्ये कर्नाटकाचा वृक्ष संरक्षण कायदा आला. दोन्ही सख्खी भावंडं. दोघांतही वृक्ष प्राधिकरण आहे, झाडांची गणना करायची जबाबदारी आहे, तोडण्याआधी लेखी परवानगी आहे, बदल्यात झाडं लावण्याची अट आहे. महाराष्ट्रात परवानगी देतं प्राधिकरण, आणि त्याचे अध्यक्ष असतात पालिका आयुक्त. कर्नाटकात परवानगी देतो वृक्ष अधिकारी, म्हणजे वनखात्याचा माणूस. बेंगळुरूत तो महापालिकेत प्रतिनियुक्तीवर बसतो.

सामान्य माणसाच्या पातळीवर हा कायदा बरा चालतो, हे मी अनुभवाने सांगतो. आमच्या सोसायटीत एक जुना पर्जन्यवृक्ष पार्किंगवर झुकला होता. वादळी पावसाच्या भीतीने निम्म्या लोकांना तो मुळापासून काढायचा होता. अर्ज केला. पाहणीला माणूस आला, बुंधा ठोकून पाहिला, मुळांभोवतीच्या फरशा काढायला लावल्या आणि सांगितलं, फांद्या छाटा, झाड राहील. ते राहिलं. पार्किंगमधल्या दोन जागा गेल्या, त्यावरून वर्षभर कुरबुर चालली, पण विषय संपला.

अर्थात सगळ्याच झाडांना हे विचारणं लागू नाही. कर्नाटकाच्या कायद्यात काही जातींना सूट आहे. नारळ, सुरू, नीलगिरी, सिल्व्हर ओक, सुबाभूळ, रबर, गिरिपुष्प. शेतकऱ्याने पीक म्हणून लावलेली झाडं त्याला सुखाने तोडता यावीत हा हेतू, आणि चंदनाचा धडा पाहता तो योग्यच म्हणायचा.

अडचण येते ती तोडणारी स्वतः महापालिका किंवा सरकार असतं तेव्हा. रस्ता रुंद करणारा अभियंता आणि परवानगी देणारा अधिकारी एकाच पगारपत्रकावर. मुंबईत रस्त्यासाठी झाड मागणारी पालिका, आणि प्राधिकरणाच्या अध्यक्षस्थानी त्याच पालिकेचे आयुक्त. अमात्यांनी आरमाराच्या अधिकाऱ्यालाच आंब्याचा धनी करून टाकलं असतं तर काय झालं असतं, तेच इथे होतं.

यावर उतारा म्हणून कर्नाटकाच्या कायद्यात पुढे दुरुस्ती झाली. सार्वजनिक कामासाठी ५० हून जास्त झाडं तोडायची असतील तर जाहीर सूचना काढायची, लोकांच्या हरकती मागवायच्या, त्यांचा विचार करून मग निर्णय द्यायचा. ही दुरुस्ती वाचायला किरकोळ वाटते. पण तिने विचारण्याच्या साखळीत पहिल्यांदाच एक तिसरा माणूस आणला, त्या रस्त्याने जाणारा तुमच्या-माझ्यासारखा.

त्या तिसऱ्या माणसाची ताकद दिसली ती याच येलहंकाच्या रस्त्यावर. बसवेश्वर सर्कलपासून हेब्बाळपर्यंत ६.७ किलोमीटरचा पोलादी उड्डाणपूल बांधायचा घाट घातला गेला. खर्च १,७९१ कोटी रुपये. विमानतळाला जाणाऱ्यांची सोय, म्हणजे आम्हा येलहंकाकरांचीही. पण त्यासाठी ८१२ झाडं जाणार होती. १६ ऑक्टोबर २०१६ च्या रविवारी हजारो लोक रस्त्याच्या कडेने हातात हात घालून उभे राहिले. 'स्टील फ्लायओव्हर बेडा', म्हणजे 'नको' ही एवढीच कानडी त्या दिवशी पुष्कळ अमराठी आणि मराठी मंडळी शिकली. त्याच महिन्यात राष्ट्रीय हरित लवादाने स्थगिती दिली आणि मार्च २०१७ मध्ये सरकारने पूल रद्द केला. प्रामाणिकपणे सांगायचं तर पूल पडला त्यात झाडांइतकाच पैशांच्या आणि राजकारणाच्या आरोपांचा हात होता. पण झाडांचा आकडा लोकांना समजला होता, तोंडपाठ झाला होता, हे खरं.

आता याच्या उलट चित्र पाहू, आणि त्यासाठी मुंबईला जाऊ. आरे वसाहतीत मेट्रो ३ ची कारशेड व्हायची होती. ऑगस्ट २०१९ मध्ये वृक्ष प्राधिकरणाने २,१८५ झाडं तोडायला मंजुरी दिली. लोक उच्च न्यायालयात गेले. शुक्रवारी, ४ ऑक्टोबरला न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री यंत्रं चालू झाली. आरेत जमावबंदी लागली, आंदोलकांना अटक झाली. सोमवारी, ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने आणखी झाडं तोडू नका असं सांगितलं, तोवर २,१४१ झाडं पडली होती.

इथे कायद्याचा एक बारकावा आहे, तो मला आरेच्या सगळ्या गोंगाटापेक्षा मोठा वाटतो. परवानगी मिळाल्यावर १५ दिवस झाड तोडायचं नाही, अशी तरतूद महाराष्ट्रात आहे. दाद मागायला वेळ मिळावा म्हणून. आंदोलक म्हणाले, हे १५ दिवस कुठे गेले? मेट्रो महामंडळाचं उत्तर असं की प्राधिकरणाचा आदेश १३ सप्टेंबरचा, १५ दिवस २८ सप्टेंबरलाच संपले, त्यानंतर आम्ही फक्त न्यायालयाच्या निकालासाठी थांबलो होतो. हिशेब म्हणून हे बरोबर आहे. पण प्रकरण न्यायालयात असतानाच ते १५ दिवस संपून गेले, आणि निकालानंतर वरच्या न्यायालयात जाण्यासाठी उरली ती एक शनिवार-रविवारची सुट्टी. घराचा खटला हरलेला माणूस अपिलात जिंकला तर घर परत मिळतं. झाडाच्या खटल्यात अपील जिंकून काय मिळणार?

ही खोड फक्त आपलीच आहे असं नाही. इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरात नगरपालिकेने रस्त्यांच्या देखभालीचा २५ वर्षांचा ठेका दिला आणि त्यात हजारो रस्त्याकडेची झाडं गेली. १७ नोव्हेंबर २०१६ रोजी तिथल्या रस्टलिंग्ज रोडवर पहाटे पाचच्या सुमारास पोलिसांसह तोडणारे आले, लोकांना झोपेतून उठवून गाड्या हलवायला लावल्या आणि आठ झाडं पाडली. इंग्लंडमध्ये झाड वाचवण्याचे आदेश काढायचा कायदा आपल्या किती तरी आधीपासून आहे. पण तो आदेश काढणार नगरपालिका, आणि इथे झाडं तोडायला निघालेलीही नगरपालिकाच. पुन्हा तीच गाठ.

या सगळ्या खटल्यांतून एक मराठी नाव धाग्यासारखं जातं. ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात वकिली सुरू केलेले न्यायमूर्ती अभय ओक. महाराष्ट्रात कायद्यात दुरुस्ती होऊन २५ पर्यंत झाडांची परवानगी एकट्या आयुक्तांनी द्यावी असं ठरलं होतं, आणि मुंबईच्या प्राधिकरणात झाडं जाणणारे तज्ज्ञच नव्हते. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात त्यांच्या खंडपीठाने या दोन्ही गोष्टींना लगाम घातला. २०१९ मध्ये ते कर्नाटकाचे मुख्य न्यायमूर्ती होऊन बेंगळुरूला आले. बेंगळुरू एन्व्हायर्नमेंट ट्रस्टची याचिका त्यांच्यापुढे चालली आणि वृक्ष प्राधिकरण कुठे आहे, झाडांची गणना कुठे आहे, असे प्रश्न महापालिकेला पुन्हा पुन्हा ऐकावे लागले. कायदा १९७६ चा, आणि शहरात झाडं किती हे विचारायची वेळ त्यानंतर चाळीस वर्षांनी यावी! पुढे ते सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांच्या खंडपीठाने दिल्लीतही ५० किंवा अधिक झाडांच्या परवानगीवर वरच्या समितीची मोहोर बंधनकारक केली. मार्च २०२५ मध्ये मथुरा-वृंदावनजवळ विनापरवाना तोडलेल्या ४५४ झाडांसाठी झाडामागे एक लाख रुपये दंड कायम केला.

आकडे बघा कसे येतात. पंचवीस, पन्नास. कायद्यात आकडा आला की त्याच्या अलीकडे थांबायची युक्तीही येते. एक लांब रस्ता चार तुकड्यांत मोडला की प्रत्येक तुकडा पन्नासच्या आत बसतो आणि जाहीर सूचनेची गरज उरत नाही. बेंगळुरूत हा आरोप अनेकदा झाला आहे. आणि आरेत पुढे उलटं घडलं. सर्वोच्च न्यायालयाने ८४ झाडांपुरती मुभा दिली असता महामंडळ १७७ झाडांचा अर्ज घेऊन प्राधिकरणाकडे गेलं. एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने त्याबद्दल १० लाख रुपये भरायला लावले, पण १७७ झाडांना परवानगीही दिली.

आता येलहंकाच्या सगळ्यात अवघड प्रकरणाकडे वळतो. येलहंकाहून दोड्डबळ्ळापुरच्या रस्त्याला लागलं की सिंगनायकनहळ्ळीचं तळं लागतं. पाणी आटलं, तळ कोरडा पडला आणि त्यात झाडं लावली गेली. ती वाढली, पक्षी आले. मग लघु पाटबंधारे खात्याने तळं पुन्हा जिवंत करायचं ठरवलं. गाळ काढायचा, पाणी भरायचं. त्यासाठी २०२१-२२ च्या हिवाळ्यात जाहीर सूचना निघाली, ६,३१६ झाडं तोडायची. लोकांनी हरकती पाठवल्या, सह्यांची मोहीम झाली, वर्तमानपत्रं या आकड्याने भरली.

उड्डाणपुलाच्या बाबतीत बाजू घेणं सोपं होतं, इथे नाही. समोर सिमेंट नव्हतं, पाणी होतं. तळ्याच्या पोटात झाडं लावणं हीच मुळात कुणाची तरी सरकारी सोय होती. केंपेगौडांच्या मुलखात तळं हे तळंच असावं, असं मलाही वाटतं. मग विरोध कशाला? विरोध होता तो सरसकटपणाला. सगळा गाळ एकदम काढायचा का? बांधाच्या कडेची झाडं राहू शकतात का? मध्ये बेटं ठेवता येतील का? हे प्रश्न आराखडा करतानाच विचारायचे असतात. ते विचारले गेले जाहीर सूचनेनंतर, म्हणजे कायद्याने भाग पाडलं तेव्हा. ती सूचना नसती तर ६,३१६ हा आकडा एका फायलीतच राहिला असता.

तिथून काही किलोमीटरवर पुट्टेनहळ्ळीचं तळं आहे. त्याला २०१५ मध्ये पक्षी संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. तिथे झाडं मोजत बसावं लागत नाही, कारण वन्यजीव कायद्याने जागाच राखली आहे. बगळे, पाणकावळे, चित्रबलाक घरटी करतात ती झाडं, पाणी, चिखल, सगळं एकत्र. माझा कल तिकडे आहे. पण शहरात रस्त्याकडेच्या प्रत्येक गुलमोहराला असा दर्जा मिळणं शक्य नाही, त्याला १९७६ चा कायदाच पुरवावा लागणार.

महाराष्ट्राने २०२१ मध्ये एक वेगळी वाट धरली. पन्नास वर्षांहून जुन्या झाडाला वारसा वृक्ष म्हटलं, आणि जितकी वर्षं वयाचं झाड तोडाल तितकी नवी लावायची असं ठरवलं. झाडाचं वय पहिल्यांदाच हिशेबात आलं, हे मला आवडलं. आंबा वर्षा-दोन वर्षांत होत नाही, हे अमात्यांचं म्हणणं तीनशे वर्षांनी कायद्याच्या कलमात उतरलं म्हणायचं. पण साठ वर्षांच्या वडाच्या बदल्यात शहराबाहेर कुठेतरी लावलेली साठ रोपं त्या बसथांब्यावर सावली देणार नाहीत.

सप्टेंबर २०२५ पासून बेंगळुरूची एक महापालिका जाऊन पाच झाल्या आणि येलहंका बेंगळुरू उत्तर महापालिकेत आलं. म्हणजे परवानगीची खुर्चीही नव्याने मांडली जाणार. तुमच्या गावात, मग ते बेळगाव असो, पुणे असो की इंदूर, झाडाच्या बुंध्यावर कागद चिकटवलेला दिसला तर दोन मिनिटं थांबून वाचा. झाडं किती आणि कोणत्या जातीची, कोणत्या कामासाठी, सूचनेची तारीख काय, हरकत कुठे आणि किती दिवसांत पाठवायची. आणि खाली सही कुणाची आहे तेही पाहा. मागणारा कोण आणि देणारा कोण, ते तिथेच कळतं.